मामांचा ब्रॅकेट

आमच्या तीर्थरूपांनी चेतक स्कूटरसाठी नंबर लावला तेव्हा माझा जन्म व्हायचा होता. ती दारात आली तेव्हा मी तिसरीत होतो. मधल्या काळात मी झालो, धाकटी झाली, तीर्थरूपांची एकदा बदली झाली आणि रद्दही झाली. आजच्या पोरांना हे थापांसारखं वाटतं. पण किती स्कूटरी बनवायच्या हे त्या काळी सरकारी परवान्यावर ठरत असे, आणि दहा-दहा वर्षं वाट पाहणारी माणसं गल्लोगल्ली होती. लग्नाच्या बैठकीत मुलाचा पगार सांगून झाला की "शिवाय बजाजला नंबर लावलेला आहे" हे वाक्य हळूच सोडलं जाई. मग मुलीकडच्यांची चुळबुळ थांबे. वाशिम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. आमचा स्वतंत्र जिल्हा व्हायला 1 जुलै 1998 उजाडला. त्या मानाने स्कूटर लवकरच आली म्हणायची.

ती आली त्या दिवशी भोसरीहून माझे मामा मुद्दाम आले होते. सगळे पुढून हार घालत होते, आई दिव्याला नारळ दाखवत होती. मामा मागे जाऊन गुडघ्यावर बसले, स्टेपनीखाली बोट घातलं आणि म्हणाले, "भाऊजी, हा माहा आहे."

हा म्हणजे स्टेपनी धरून ठेवणारा लोखंडी ब्रॅकेट. आकुर्डीच्या मोठ्या कारखान्याला सुटे भाग पुरवणारी लहानलहान वर्कशॉपं भोसरीत होती. त्यातल्या एकात मामा प्रेसवर होते. दिवसभर पत्रा घालायचा, प्रेस मारायची, ब्रॅकेट काढायचा. तेवीस वर्षं त्यांनी हेच केलं आणि दहाची दहा बोटं घेऊन घरी आले, याचं आजीला फार अप्रूप होतं. लग्नाच्या वरातीत लोक नवरदेव पाहत, मामा बाजूला लावलेल्या स्कूटरींच्या पाठी पाहत फिरत.

त्या स्कूटरवर आम्ही चौघं आणि दळणाचा डबा असे जात असू. मी पुढे उभा. ती सुरू होईना की तीर्थरूप तिला एका अंगावर कलती करत, थोडा वेळ आजारी माणसासारखी तशीच धरत, मग किक. रुसलेल्या माणसाला मनवण्याचा हा प्रकार मी पुढे संसारात करून पाहिला. उपयोग होत नाही.

आता माझ्या पापाकडे येतो. 2003 साली मी बँकेतून स्टाफ लोन काढून मोटरसायकल घेतली. मी बी.कॉम. आहे. कागदावर हिशेब मांडला : स्कूटर लिटरला चाळीस, शिवाय पेट्रोलमध्ये ऑईल मिसळा, मोटरसायकल लिटरला सत्तर. दोन वर्षांत व्याज सुटतं. तीर्थरूप एक शब्द बोलले नाहीत. दिवाळीला मामा आले, त्यांनी गाडीला एक फेरी मारली आणि विचारलं, "हिची स्टेपनी कुठं आहे रे?"

मी मोठ्यांदा हसलो. मोटरसायकलला स्टेपनी नसते, एवढंही मामांना माहीत नाही! माहीत होतं, हे मला पुढे कळलं.

सप्टेंबर 2007 मध्ये आकुर्डीत गाड्या बनणं बंद झालं. उत्तराखंडात पंतनगरला बजाजचा नवा कारखाना त्याच वर्षी सुरू झाला होता, आणि तिकडे उत्पादन शुल्क माफ होतं. शुल्क, माफी, बचत हे शब्द ऐकले की माझी मान आपोआप डोलते. हिशेब चोख होता. आकुर्डीच्या अडीच हजारांवर कामगारांचा प्रश्न निदान वर्तमानपत्रात आला. मामांच्या वर्कशॉपमध्ये स्कूटरी कमी झाल्यापासून प्रेस आठवड्यातून दोनच दिवस चालत होती. त्याच सुमारास मालकाने एका शनिवारी शटर ओढलं, ते सोमवारी उघडलं नाही. त्याला कोण छापतं?

हातात पडले तेवढे पैसे घेऊन मामा गावी आले आणि मुदत ठेव करायला माझ्याच काउंटरवर उभे राहिले. फॉर्म मीच भरला. 'व्यवसाय' या रकान्यापाशी पेन थांबलं. "काय लिहू मामा?"

"लिही, ब्रॅकेट."

मी 'निवृत्त' असं लिहिलं. वय वर्षे सत्तेचाळीस. आज मी त्याच वयाचा आहे आणि मला अजून तीन शाखांत बदलीची भीती घालतात.

2009 मध्ये राजीव बजाजांनी स्कूटर बनवणंच थांबवायचं जाहीर केलं, तेव्हा राहुल बजाजांनी मुलाच्या निर्णयाचं वाईट वाटल्याचं उघड सांगितलं. आमच्या तीर्थरूपांनी ती बातमी मला दोनदा वाचून दाखवली. मामा मात्र म्हणाले, "जाऊ दे न, तू एकट्यानं थोडीच बंद पाडली?" त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मामा अजून पेपरात गाड्यांच्या बातम्या वाचतात. 2020 मध्ये इंग्लंडच्या ट्रायम्फने बरंचसं उत्पादन थायलंडला न्यायचं ठरवलं, तिथल्या पन्नासेक नोकऱ्यांवर गदा आली. 2023 पासून त्यांच्या लहान मोटरसायकली तर चाकणला, बजाजकडेच बनायला लागल्या. मी म्हटलं, "पाहा मामा, काम आपल्याकडे आलं!" मामा चष्मा पुसत म्हणाले, "हो न बाप्पा. तिकडच्या कोण्या मामाचा ब्रॅकेट गेला असन."

यंदा दसऱ्याला चिरंजीवांनी विजेवरच्या चेतकचा हट्ट धरला. ही 2022 पासून आकुर्डीतच बनते, असं सांगून मी मामांना सोबत नेलं. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. शोरूममधल्या पोराने बॅटरी, चार्जिंग, मोबाईलवरचं अॅप सगळं दाखवलं. मामा मागे जाऊन गुडघ्यावर बसले. बराच वेळ बसले.

"इले बी नाही," ते म्हणाले.

"टायर ट्यूबलेस आहे काका," पोरगा म्हणाला. "पंक्चर झालं तर फक्त एक फोन करायचा."

"कोणाले?" मामांनी विचारलं. पोराने कार्ड दिलं. त्यांनी ते खिशात ठेवलं.

येताना मी आणि मामा तीर्थरूपांच्याच जुन्या चेतकवर आलो. त्यांचा एक हात माझ्या खांद्यावर होता, दुसरा मागे स्टेपनीवर. वाटेत गाडी बंद पडली. मामा टुणकन उतरून आधी मागच्या चाकाकडे गेले. चाकात हवा होती. प्लगमध्ये कार्बन धरला होता. मामा थोडे हिरमुसले.