पावलांची ऊब आणि स्वस्त कॅमेरा
मधुमेही ज्येष्ठांचे पाय तपासताना मी हाताची मागची बाजू आधी एका तळव्यावरून, मग दुसऱ्यावरून फिरवतो. एक पाऊल अधिक गरम लागले, की सावध होतो. मधुमेहामुळे पायांची संवेदना गेलेली असते; चपलेतला खडाही कळत नाही. परंतु सतत दाब पडणारी जागा जखम होण्यापूर्वी काही दिवस आतून दाहाने तापू लागते. दोन्ही पावलांच्या त्याच जागी २.२ अंश सेल्सिअसहून अधिक फरक सलग दोन दिवस टिकला, तर तो धोक्याचा इशारा मानतात.

हाताला एवढा सूक्ष्म फरक नेमका कळत नाही. उष्णता चित्ररूपात दाखवणाऱ्या थर्मल कॅमेऱ्याला तो कळतो. हा कॅमेरा दीर्घकाळ सैन्य आणि कारखान्यांपुरताच राहिला, कारण त्याचा संवेदक अतिशय थंड ठेवावा लागे. शिवाय साधी काच हे अवरक्त किरण अडवते, म्हणून भिंग महागड्या जर्मेनियमचे लागते. अमेरिकेत १९८०च्या दशकात साध्या तापमानाला चालणारा संवेदक विकसित झाला आणि २०१४पासून मोबाइलला जोडता येणारे छोटे कॅमेरे बाजारात आले. तरीही किंमत सामान्य निवृत्तिवेतनधारकाला जड जावी अशीच आहे. ती आणखी उतरावी, निदान तालुक्याच्या दवाखान्यात असा एक कॅमेरा असावा, असे मला मनापासून वाटते.

मात्र स्वस्ताईचा दुसरा परिणामही मी पाहतो आहे. ‘वेदना नाही, क्ष-किरण नाही’ अशी जाहिरात करून स्तनांच्या थर्मल तपासणीची शिबिरे भरतात. साठी ओलांडलेल्या एका भगिनी अशाच शिबिरातला रंगीत अहवाल घेऊन आल्या. अहवालात ‘सर्व ठीक’ होते, हाताला गाठ लागत होती. मॅमोग्राफी आणि बायोप्सीनंतर कर्करोग ठरला. हा कॅमेरा त्वचेची उष्णता पाहतो, खोलवरची गाठ नव्हे. मॅमोग्राफीला तो पर्याय नाही, असे अमेरिकेच्या औषध प्रशासनानेही स्पष्ट बजावले आहे.

पायांसाठी तर कॅमेऱ्याची वाट पाहण्याचेही कारण नाही. करोनाकाळात घेतलेला कपाळाचा तापमापक अनेक घरांत पडून आहे. त्यावर ‘सरफेस’ हा पर्याय असेल तर तोच निवडावा. ‘बॉडी’वर ठेवल्यास थंड पावलांचा आकडा बहुधा येतच नाही. सकाळी मोजे काढून, पाय जमिनीवरून उचलून दहा-पंधरा मिनिटे बसावे. गरम पाण्याने पाय धुतल्यावर लगेच मोजू नये. अंगठा, बोटांच्या मुळाशी असलेले उंचवटे, टाच अशा त्याच त्या जागा दोन्हीकडे मोजून वहीत लिहाव्यात. फरक दुसऱ्या दिवशीही राहिला तर चालणे कमी करून डॉक्टरांना दाखवावे. एक पाऊल अचानक थंडगार, फिकट वा निळसर झाले तर रक्तपुरवठा थांबल्याची शक्यता असते. तेव्हा दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. आणि आकडे जुळले, तरी तळवा व बोटांच्या बेचक्या उजेडात रोज पाहाव्यातच. ओलावा, भेग किंवा रुतलेला काटा तापमापकाला दिसत नाही.