गारपिटीनंतरचं साल

पंचनाम्याला माणसं आली तेव्हा त्यांना बाग दाखवली ती सालदाराने. टेपचं एक टोक त्याच्याच हातात होतं. कुठल्या प्लॉटची छाटणी आधी झाली होती, कुठे मणी सेट झाले होते, कुठे अजून फुलोरा होता, गारा कुठल्या अंगाने आल्या, हे सगळं तोच सांगत होता. कारण मालक, म्हणजे नाना, ओट्यावर डोकं धरून बसले होते आणि विचारलं तरी बोलत नव्हते. कागद लिहून झाले. मग पंच म्हणून दोघांच्या सह्या हव्यात असं निघालं. शेजारच्या मळ्यातून दोघांना फोन करून बोलावलं. ते मोटारसायकलवर आले, चपला न काढता बांधावरूनच बागेकडे एक नजर टाकली आणि सह्या करून गेले. सालदार तिथेच उभा होता. त्याला कुणी नको म्हटलं नाही. विचारलंच नाही.

ही सही त्याच्या मनातून अजून जात नाही. गारा तो विसरलाय म्हणतो, सही नाही.

तो सुरगाण्याकडचा. पिंपळगाव बसवंतला आधी टोळीबरोबर आला, थिनिंगला, मग डिपिंगला, मग एका हंगामात नानांनी त्याला थांबवून घेतलं. पिंपळगावबद्दल फार सांगायला नको. मुंबई-आग्रा महामार्ग, टोमॅटोने आणि कांद्याने भरलेली बाजार समिती, चहूकडे द्राक्षाचे मांडव. निफाड आणि दिंडोरीच्या या बागा पेठ, सुरगाणा, कळवणच्या हातांवर चालतात हेही इथे सगळ्यांना ठाऊक असतं. साल ठरतं आखाजीला, अक्षय्य तृतीयेला. सव्वा लाखाच्या आसपास रक्कम, त्यातली काही उचल म्हणून आधीच, मळ्यात पत्र्याची खोली, लाईट मालकाची, घरचं धान्य. बायकोचा रोज वेगळा, पण काम मिळेल त्या दिवशीच. बोली तोंडी. मध्ये बसलेला कुणी पाहुणा साक्षीदार.

बाहेरचा माणूस याला राखणदारी समजतो. फाटकाशी खाट टाकून बसणारा, कुत्रा पाळणारा, पाहुण्यांना पाणी देणारा. प्रत्यक्षात एप्रिलमधल्या खरड छाटणीपासून बागेचा एकही दिवस मोकळा नसतो. फूट निघाली की विरळणी, शेंडे खुडणं, सबकेन, तारेवर काड्या बांधणं. सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी. छाटली की लगेच डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट. ती हाताला लागली तर कातडी सोलवटते, आणि त्या दिवसांत दारू घेतली तर माणूस आडवा होतो, हे नव्या मजुरांना सांगायचं कामही सालदाराचंच. मग डाऊनीचा रोग, मग भुरीचा. पाऊस पडून गेला की रात्र असो वा पहाट, ब्लोअर जोडून निघायचं. ठिबकचे फिल्टर धुवायचे, चोकअप झालेल्या नळ्या फुंकायच्या, शेततळ्याच्या कागदाला उंदरांनी कुठे भोक पाडलंय ते शोधायचं. थ्री फेज लाईट आठ तासांची, आणि आठवड्याच्या पाळीत ती कधी दिवसा तर कधी रात्री. रात्रीची पाळी असली की बॅटरी घेऊन विहिरीवर. निफाड तालुक्यात उसामुळे बिबट्या आता घरचा झालाय. सालदाराने तो दोनदा समोरासमोर पाहिला, आणि दोन्ही वेळा आधी स्टार्टर बंद केला, मग पळाला. मोटर जळली असती, असं तो अगदी सरळपणे सांगतो.

थंडीचं तर विचारू नये. २९ डिसेंबर २०१८ ला निफाडच्या कुंदेवाडी केंद्रावर १.८ अंश नोंद झाली, तेव्हा अख्खा तालुका रात्रभर जागा होता. बागेत जागोजागी शेकोट्या, विहिरीचं कोमट पाणी ठिबकने सोडायचं, धूर मांडवाखाली राहील असा ओला पाला टाकायचा. मण्यांत पाणी उतरायला लागलं की गार रात्रींनी ते गुलाबी पडतात आणि निर्यातवाला माल नाकारतो. म्हणून घडांना वर्तमानपत्राचे कागद गुंडाळायचे. एका एकरात हजारो घड. सालदाराला वाचता येतं जेमतेम, पण कुठल्या पेपरचा कागद दवाने लवकर फाटतो हे तो डोळे मिटून सांगेल.

आता त्या गारपिटीकडे. २६ नोव्हेंबर २०२३, रविवार, त्रिपुरारी पौर्णिमेची संध्याकाळ व्हायची होती. नाशिक जिल्ह्यात बऱ्याच ठिकाणी अवकाळी पाऊस झाला, निफाड तालुक्यात गारा. खोलीच्या पत्र्यावर आवाज इतका, की बायको काय ओरडतेय ते ऐकू येईना. थांबलं तेव्हा तो बागेत गेला. पानांची चाळण झाली होती. घड निम्मे जमिनीवर, उरलेल्यांवर जखमा. पण तो पाहत होता काड्या. घड गेले तर एक वर्ष जातं. काडीला मार बसला तर पुढच्या वर्षाचीही खात्री राहत नाही, कारण पुढची बाग उभी राहायची ती त्याच ओलांड्यांवर. नानांना हे त्यानेच सांगितलं, आणि सांगितलं नसतं तर बरं झालं असतं असंही त्याला वाटलं. नाना तेव्हाच ओट्यावर बसले.

मग पंचनामा. नियम असा, की तेहेतीस टक्क्यांहून अधिक नुकसान झालं तरच मदत. त्या वेळच्या अवकाळीसाठी सरकारने दर वाढवले होते. फळबागांसारख्या बहुवार्षिक पिकांना हेक्टरी ३६,००० रुपये, तीन हेक्टरांच्या मर्यादेत. द्राक्षाच्या एका एकराचा वर्षाचा खर्च दोन-तीन लाखांच्या घरात जातो, तेव्हा अडीच एकरांना मिळून ३६,००० म्हणजे औषधाच्या दुकानाची जुनी उधारीही फिटत नाही. नानांची चेष्टा झाली हे खरंच. पण चेष्टा व्हायला तरी कागदावर नाव लागतं.

गंमत पाहा. त्या बागेची ई-पीक पाहणी, जी २०२१ च्या १५ ऑगस्टपासून सगळ्या राज्यात सुरू झाली, ती केली होती सालदाराने. नानांना फोनवरचं ते ॲप जमत नव्हतं, मुलगा नाशिकला. फोटो शेतात उभं राहूनच काढावा लागतो. म्हणून फोन याच्या हातात. सातबाऱ्यावर ‘द्राक्ष’ लागलं ते त्याच्या बोटाने. त्या नोंदीवरून मदत आली ती नानांच्या खात्यात. हा कायदा आहे, त्यात लबाडी नाही. शेत नानांचं, कर्ज नानांचं, सोसायटीचा तगादाही नानांनाच. हे सगळं सालदार स्वतःच सांगतो, आणि सांगता सांगता पुन्हा सहीवर येतो. पैसे नकोत, पण बाग कुणी पाहिली होती? शेजारच्यांनी? ते बांधाच्या आत तरी आले होते का?

त्याला तिथे विचारलं का नाही, याचं उत्तर कदाचित साधं असेल. पंच म्हणून शेजारचा खातेदार घ्यायचा ही रीत, आणि लिहिणाऱ्याला घाई. त्या आठवड्यात अशा किती बागा त्यांना पाहायच्या होत्या कुणास ठाऊक. तरीही गड्याचं नाव शेतीच्या कागदापासून दूर ठेवायची सवय या मुलखात जुनी आहे, आणि तिच्यामागे भीतीही आहे. १९४८ चा कुळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन यांनी कसणाऱ्याला मालक केलं. त्याच कायद्याच्या चौथ्या कलमात मात्र कुळ कोण नाही हेही लिहिलंय: रोख किंवा वस्तूंच्या रूपात मजुरी घेणारा नोकर, जोवर त्याची मजुरी पिकाच्या वाट्यातून दिली जात नाही, तोवर. एवढं एक वाक्य खेड्यापाड्यांतल्या मालकांच्या डोक्यात पक्कं बसलंय. म्हणून सालाची रक्कम आकड्यात ठरते, वाट्यात नाही. म्हणून बोली तोंडी. सालदार चांगला निघाला तरी काही जण दोन-चार वर्षांनी बदलतात, आणि बदलताना कारण भलतंच सांगतात. नानांनी तसं केलेलं नाही, हेही सांगायला हवं.

कागदावर नसण्याची किंमत नुसत्या मानात मोजून भागत नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात योजना घ्या. वीज पडली, साप चावला, विजेचा धक्का बसला, औषधाची बाधा झाली आणि माणूस गेला तर वारसांना दोन लाख. पण कुणाच्या? सातबारा असलेल्या शेतकऱ्याच्या, आणि सातबाऱ्यावर नाव नसलेल्या त्याच्या घरातल्या आणखी एकाच्या. रात्री ओल्या पायांनी स्टार्टर दाबणारा मात्र या दोघांपैकी कुणीच नसतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक जण विषबाधेने दगावले, त्यांत दुसऱ्याच्या शेतात फवारायला गेलेले मजूर होते. सगळा महाराष्ट्र तेव्हा हादरला. पिंपळगावच्या बागेत आज ब्लोअरवर बसलेल्या माणसाच्या तोंडाला काय असतं? बहुतेक वेळा गमछा. उलट बिबट्याने मारलं तर वन विभाग वारसाला भरपाई देतो, सातबारा मागत नाही. म्हणजे बागेवर मरायचंच असेल तर बिबट्याच्या हातून मरावं, असा हिशेब निघतो. सालदार यावर हसला, पण फार नाही.

ज्यांच्या मळ्यात असा माणूस राहतो त्यांनी निदान तीन गोष्टी कराव्यात, त्यांना जी.आर. लागत नाही. त्याचं बँक खातं असेल तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा फॉर्म भरून घ्यावा. वर्षाला वीस रुपये, अपघाती मृत्यूला दोन लाख. ई-श्रमवर नोंदणी करून द्यावी, ती फुकट आहे. आणि चांगला मास्क घ्यावा. एका पेस्टच्या डब्याला जेवढे जातात त्याच्या कितीतरी कमी पैशांत तो येतो.

औषधांचा विषय निघाला म्हणून आणखी एक. २०१० साली लिहोसिन या वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशामुळे युरोपात गेलेला द्राक्षमाल अडकला आणि जिल्ह्यातल्या बागायतदारांनी मोठा मार खाल्ला. तेव्हापासून निर्यातीच्या बागेत फवारणीची वही काटेकोर. कुठलं औषध, किती, कुठल्या तारखेला, काढणीला किती दिवस बाकी. नानांच्या वहीतल्या तारखा सालदार तोंडी सांगतो आणि नानांचा मुलगा शनिवारी येऊन उतरवतो. खाली सही मुलाची.

पण या सगळ्याची बाजू एवढीच नाही, आणि सालदारही ती एवढीच ठेवू देत नाही. नानांना एकदा व्यापाऱ्याने बुडवलं होतं. माल भरून नेला, थोडे पैसे हातावर टेकवले, पुढे फोन बंद. नाशिक जिल्ह्यात हे इतक्यांच्या बाबतीत झालं, की २०२० मध्ये परिक्षेत्राचे तेव्हाचे विशेष पोलीस महानिरीक्षक प्रताप दिघावकर यांना शेतकऱ्यांची देणी वसूल करण्यासाठी मोहीमच काढावी लागली. त्या वर्षी नानांनी सालदाराचं साल उधारीवर पैसे आणून चुकवलं होतं, एक दिवस उशीर न करता. बायकोच्या बाळंतपणात गाडी नानांची होती. गारपिटीनंतरही त्यांनी सालातला एक रुपया कापला नाही, आणि शेजारच्या दोन मळ्यांत गड्यांना ‘काम नाही, गावाला जा’ म्हणून सांगितलेलं होतं. सालदार टोळीतल्या पोरांसमोर नानांविरुद्ध एक शब्द ऐकून घेत नाही. आणि तरी सही आठवली की त्याचा चेहरा आवळतो. दोन्ही खरं आहे, आणि त्याला त्यात काही विचित्र वाटत नाही.

मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला चालत गेलेल्या किसान लाँग मार्चमध्ये त्याच्या गावातलेही लोक होते. वनपट्ट्यासाठी, २००६ च्या वनहक्क कायद्याखाली. त्याचा भाऊ गेला होता. हा गेला नाही, कारण तेव्हा बागेची काढणी चालू होती. घरच्या पट्ट्यावर आता भात आणि नागली होते, पावसाळ्यापुरती. तो म्हणतो, तिथे सातबाऱ्याचा कागद मिळवायला भावाचे पाय सोलले, आणि इथे आपण दुसऱ्याच्या सातबाऱ्याचा फोटो काढतो. मग लगेच म्हणतो, पण तिथे विहीर नाही.

गारपिटीनंतर त्याने गावात सगळ्यांना सांगून टाकलं होतं की आता साल भरायचं नाही. रोजाने जायचं, उक्तं घ्यायचं, संध्याकाळी पैसे घेऊन मोकळं. बागेवर जीव लावू नका, जीव लावणाराच फसतो, असंही. १० मे २०२४ ला आखाजी होती. त्याच्या आधी आठ दिवस नानांकडून निरोप आला नाही, तर हाच पिंपळगावला फोन करून विचारत होता की मार बसलेल्या काड्यांवर खरड छाटणीनंतर फूट कशी निघालीय, सबकेन केली का, आणि ती नव्या माणसाकडून केली असेल तर डोळे किती ठेवलेत. नाना म्हणाले, ये आणि बघ. साल दहा हजारांनी वाढलं. पत्रे बदलून द्यायचे ठरले. पंचनाम्याचं बोलणं त्याने काढलं नाही.

त्या वर्षी तो एकटा आला नाही. बहिणीचा मुलगा बरोबर होता, बारावी नापास, अंगाने काटक. शेजारच्या मळ्याला माणूस हवा होता. सही करून गेलेल्या त्या दोघांपैकीच एकाचा मळा. मध्यस्थ म्हणून सालदार बसला. भाच्यासाठी त्याने साल घासाघीस करून वाढवून घेतलं, रात्रीच्या पाण्याला गमबूट मागितले, फवारणीला मास्क मागितला, विम्याचा फॉर्म मालकाने बँकेत नेऊन द्यायचा असं कबूल करून घेतलं. मग म्हणाला, हे सगळं एका कागदावर लिहा, खाली दोघांच्या सह्या करा, मी साक्षीदार राहतो. शेजाऱ्याने गमबूट मान्य केले, मास्क मान्य केला, विमाही मान्य केला. कागदाचं नंतर बघू म्हणाला. भाच्याने उचल मोजून घेतली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फिल्टर धुवायला गेला.