ओरखडा वेगळा, तडा वेगळा

पगारातून पैसे साठवून घेतलेलं ‘मजबूत’ स्मार्ट घड्याळ गड चढून सुखरूप परततं आणि घरच्या फरशीवर पडून तडकतं, तेव्हा माणूस चक्रावतो. पण दोष नशिबाचा नाही. काठिण्य वेगळं, चिवटपणा वेगळा. कृत्रिम नीलमाच्या काचेचं काठिण्य मोहस् मापनश्रेणीत ९. वाळूतल्या गारगोटीच्या कणाचं ७. म्हणून वाळू नीलमाला ओरखडत नाही. साध्या काचेला मात्र रोज घासत राहते. पण नीलम ठिसूळ; जोराचा फटका त्याला सोसत नाही. तिथे रासायनिक प्रक्रियेने चिवट केलेली काच आणि तिच्याहून उंच धातूची कड कामी येते. मातीत राबणाऱ्या हाताला नीलम बरा, आदळआपट करणाऱ्याला चिवट काच. जाहिरातीतला डोंगर नव्हे, आपला दिवस पाहून घड्याळ निवडावं.