फुकट्या बगळा

सॅन डिएगोला मुलाकडे किंवा मुलीकडे राहायला गेलेल्या मराठी आईबापांची सी वर्ल्डपासून सुटका नसते. पहिल्या आठवड्यात झोपेचं खोबरं, दुसऱ्यात देवळात जाणं, तिसऱ्यात सी वर्ल्ड. नातवंडं हट्टी असली तर क्रम उलटा. मिशन बेच्या काठावर १९६४ साली हे पार्क उघडलं. चौघा कॉलेजमित्रांना म्हणे आधी पाण्याखाली हॉटेल काढायचं होतं. ते जमलं नाही, तेव्हा मासे ताटात वाढण्याऐवजी काचेत ठेवायचं ठरलं. आत शिरता शिरता रोलर कोस्टरवरच्या किंकाळ्या कानावर येतात. माझी नात मात्र ठाम होती. आधी प्राणी.

पहिलं कुंड हात लावायच्या माशांचं. इथले बॅट रे म्हणजे आपल्या पाकटाचेच भाऊबंद. शेपटीचे काटे छाटलेले, त्यामुळे भीती नाही. कोळणीच्या पाटीत पाकट मी पुष्कळ पाहिलेत, भावही केलाय, पण जिवंत अंगाला बोट कधी लावलं नव्हतं. सोललेल्या भिजक्या वालासारखं ते बोटाखालून सटकलं. मग तोच मासा वळून परत आला, पंखाचं टोक पाण्याबाहेर काढून कठड्यावर घासलं, आणि डोक्याच्या कडेचा फुगीर डोळा आमच्याकडे लावून थबकला.

"आजी, त्याला मी आवडले!"

त्याला कोणाच्या हातात खाऊ आहे हे बघायचं होतं, पण आज्यांनी सगळंच सांगायचं नसतं.

समुद्रसिंहांपाशी खरी जत्रा. माशांचा ट्रे विकत घ्यायचा आणि एकेक मासा आत भिरकवायचा. समुद्रसिंह भुंकतात, मान वाकडी करतात, पुढचे पर आपटून टाळ्या दिल्यासारखं करतात. कुणाच्या ट्रेमध्ये अजून माल शिल्लक आहे, हे त्यांना आपल्याआधी कळतं. आणि कठड्यावर, ट्रेपासून हातभर अंतरावर, एक बगळा. पांढराशुभ्र, पाय काळे आणि पंजे तेवढे पिवळेधमक. अमेरिकेतल्या या बगळ्यांचे पंजे असेच असतात, जणू रंगाच्या डब्यात पाय बुडवून आलेत. पार्कच्या नकाशात तो नव्हता, पाटीवर त्याचं नाव नव्हतं. बाहेरच्या खाडीतून उडत यायचं, मासा पळवायचा आणि जायचं, एवढाच त्याचा व्यवहार. नातीने फेकलेला मासा पाण्यात पोचलाच नाही. मधल्या मधे चोच आली. समुद्रसिंह संतापून भुंकला, नात हसून लोळली. तिकीट काढून आत आल्यावर मला सगळ्यात मनापासून आवडलेला प्राणी बिनतिकिटाचा निघाला.

पेंग्विनांच्या दालनात एक गोष्ट फार शहाणपणाची आहे. तिथले दिवे अंटार्क्टिकाच्या दिनमानाप्रमाणे चालतात. आम्ही गेलो जूनमध्ये. बाहेर कॅलिफोर्नियाचं रणरणतं ऊन आणि आत काचेपलीकडे दक्षिण ध्रुवाकडचा हिवाळी अंधार. लोक काचेवर नाकं दाबून चिकटलेले, फोटो येत नाही म्हणून कुरकुरत होते. मला ती कुरकुर गोड वाटली. फोटोसाठी पक्ष्याचा हिवाळा बदलला नव्हता. अंटार्क्टिकाबाहेर सम्राट पेंग्विनचं पिल्लू पहिल्यांदा जन्मलं ते इथेच, १९८० साली. दिवसरात्रीचा हिशेब सांभाळल्याशिवाय ते झालं नसतं. (आपल्या राणीच्या बागेतले हम्बोल्ट पेंग्विन पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे. बर्फाचे नव्हेत, तरी त्यांना बघायला आपल्याला स्वेटर घालावासा वाटतो.)

ऑर्का, म्हणजे किलर व्हेल, मात्र हिशेबात बसत नाही. २०१३ साली ऑर्कांच्या कैदेवरचा 'ब्लॅकफिश' हा माहितीपट आला, त्याआधी २०१० मध्ये ऑर्लँडोच्या सी वर्ल्डमध्ये टिलिकम नावाच्या ऑर्कानं प्रशिक्षिकेचा जीव घेतला होता. २०१६ मध्ये पार्कने ऑर्कांची पैदास थांबवत असल्याचं जाहीर केलं, पुढच्याच वर्षी सॅन डिएगोतल्या ऑर्कांच्या खेळाचा जुना धांगडधिंगा बंद झाला. आता त्या खेळाला 'ऑर्का एन्काउंटर' म्हणतात. मागे खडक आणि सूचिपर्णी झाडांचा देखावा, निवेदिका आवाजात जिव्हाळा आणून माहिती देते, ऑर्का उडी मारते, पुढच्या रांगा भिजतात. माहिती खरी असते. पण नराच्या पाठीवरचा पर एका बाजूला लोळागोळा झालेला आपल्याला दिसतो, आणि समुद्रात पुरुषभर उंच ताठ उभा असणारा हा पर इथे असा का, हे निवेदनापेक्षा डोळ्यांनाच आधी पटतं.

या कुंडात कॉर्की नावाची मादी आहे. १९६९च्या डिसेंबरात कॅनडाच्या पेंडर हार्बरमध्ये तिला पकडलं, तेव्हा ती लहान होती. तिच्या जातीच्या ऑर्कांमध्ये प्रत्येक कुटुंबाची हाकांची स्वतंत्र ढब असते, मुलं आयुष्यभर आईच्या आसपास राहतात. आपल्या जुन्या वाड्यांत घडायचं तेच. कॉर्कीला कैदेत पिल्लं झाली, एकही दोन महिने जगलं नाही. मी टाळी वाजवायला हात उचलले होते, ते तसेच मांडीवर ठेवले. शेजारच्या गृहस्थांनी वाजवली. त्यांचंही काही चुकलं नाही, उडी खरोखरच अफाट होती.

चिडून निघून यावं, तर तेही सरळ नाही. १९९७च्या जानेवारीत लॉस एंजेलिसच्या किनाऱ्यावर करड्या देवमाशाचं आठवड्याभराचं पिल्लू एकटंच सापडलं, पाऊण टनाचं, मरणाच्या दारात. याच पार्कच्या माणसांनी त्याला नळीने दूध पाजून वाढवलं, पुढच्या वर्षीच्या मार्चअखेर साडेआठ टनांचं झाल्यावर समुद्रात सोडलं. जे. जे. तिचं नाव. पाठीवर लावलेली यंत्रं तिने काही दिवसांत झटकून टाकली, मग ती कुठे गेली ते कोणाला कळलं नाही. २०१५ मध्ये उपाशी समुद्रसिंहांची पिल्लं किनाऱ्यावर येऊन पडायला लागली, तेव्हा याच लोकांनी आपला समुद्रसिंहांचा खेळ काही काळ बंद ठेवून माणसं तिकडे वळवली. एकच संस्था कैदही करते आणि सोडवतेही.

आपल्याकडे २०१३ साली केंद्र सरकारने राज्यांना कळवून डॉल्फिनेरियमला मज्जाव केला. मालवण तालुक्यात तोंडवळी-वायंगणीला सी वर्ल्ड नावाचाच प्रकल्प उभारायचा घाट घातला होता, गावकऱ्यांनी जमिनींवरून विरोध केला आणि तो बारगळत राहिला. कोकणातल्या माणसाला रोजगार नको असतो का? हवा असतो. पण आंबा-काजूच्या कलमांची जमीन देऊन मासे काचेत बघायचे, हा सौदा त्याला पटेना.

परत आल्यावर तारकर्लीहून डॉल्फिन बघायला होडीत बसले. होडीवाल्याने पैसे घेतानाच सांगून टाकलं, "दिसले तर दिसले, नायतर नाय. पैसे परत नाय." इतक्या रोखठोक शब्दांत सी वर्ल्डने काही सांगितलं नव्हतं. दिसले, पण आमच्याबरोबर आणखी चार होड्या त्यांच्यामागे लागल्या, इंजिनांचा धूर, मोबाइल वर, आरडाओरडा. पाठ दिसायची, लगेच नाहीशी व्हायची. शेवटी मी होडीवाल्याला म्हटलं, दादा, जरा लांबच राहा की. तो म्हणाला, "काकी, मी थांबलंय तर माझं गिऱ्हाईक दुसऱ्याच्या होडीत बसतला." मग त्याने खरंच इंजिन बंद केलं. होडीतल्या एका मुलाच्या वडिलांना ते आवडलं नाही.