दूरची लेन्स, पण किती दूरची?

रस्त्यावरचे फोटो काढायला मला फिल्मच्या कॅमेऱ्यासाठी टेलिफोटो, म्हणजे दूरचं जवळ आणणारी लेन्स घ्यायची होती. दुकानदाराने दोन जुन्या लेन्स पुढे ठेवल्या. एक १०० मिलिमीटरची, दुसरी २०० ची. तुम्ही कुठली उचलली असती? मोठी ना?

मी घेतली ऑलिंपसची १०० ची. नेहमीच्या ५० च्या लेन्सपेक्षा ती दुप्पट मोठं दाखवते आणि वजन फक्त २३० ग्रॅम! शिवाय लेन्स लांब, तशी हात हलून फोटो पुसट होण्याची भीती जास्त. १०० ला सेकंदाचा १२५ वा भाग पुरतो, २०० ला २५० वा लागतो. पहाटेच्या फुलबाजारात तेवढा उजेड कुठला?

आणखी एक गंमत. २०० ने रस्त्यापलीकडचा चेहरा त्या माणसाला पत्ता न लागता टिपता येतो. १०० ने मात्र हाकेच्या अंतरावर जावंच लागतं. हार ओवणाऱ्या मावशी मान वर करून बघतात. हसल्या, तर फोटो. हात आडवा केला, तर कॅमेरा खाली.

रोलमध्ये फोटो मोजून ३६. ते चोरून कशाला घ्यायचे? तुम्हीही बटण दाबण्याआधी एवढं बघा हं, समोरच्याला आपण दिसतोय ना?