पहिली पसंती

दादाकडे आज पुन्हा इंजिनिअरिंगच्या ऑप्शन फॉर्मवरून वाद झाला. त्याला सांगलीचं वालचंद पहिलं हवं. १९४७ पासूनचं कॉलेज, शिवाय मुलगी घरून जाईल. भाचीला मात्र इंजिनिअरिंगऐवजी पुण्यात फर्ग्युसनला भूगर्भशास्त्र शिकायचंय. दादाची काळजी खोटी नाही. हॉस्टेल, मेस, पुढची नोकरी, सगळा भार त्याच्यावरच. पण पहिल्या फेरीत पहिली पसंती लागली की पुढच्या फेऱ्या बंद होतात. त्या एका ओळीवर पोरीची चार वर्षं ठरतात! लहानपणापासून ती नदीकाठचे दगड जमवते, वहिनीला ठाऊक आहे, तरी वहिनी गप्प बसली. मला फार लागलं ते. खर्च किती झेपेल हे आईबापांनी मोकळेपणी सांगावं. विषय पोरीनेच निवडावा. उद्या दादाशी बोलणार आहे.