नटराजाच्या माथ्यावर कॉलेज

बोरीवली म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? गच्च भरलेली फास्ट लोकल, नॅशनल पार्क, फार तर कान्हेरी. मीही त्यातलीच. मेट्रोत रोज ‘मंडपेश्वर’ स्टेशनची अनाउन्समेंट व्हायची आणि मी पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घालायचे.

मागच्या महिन्यात मात्र तिथे उतरावंच लागलं. कारण लग्न. माझं! मी गिरगावातल्या कोकणस्थांची, तो आय.सी. कॉलनीतला ईस्ट इंडियन ख्रिश्चन. दोघंही घरी मराठीच बोलतो. पण आमच्याकडे ‘सप्तपदी हवीच’ आणि त्यांच्याकडे ‘चर्चशिवाय नाही’ यावर गाडी अडलेली. शेवटी त्याची आजी वैतागली. म्हणाली, आधी दोघं जाऊन आमची गुंफा बघून या, मग भांडा.

‘आमची’ हा शब्द मला जरा खटकला, खरं सांगते. शंकराचं लेणं यांचं कसं?

रविवारी सकाळी गेलो. बिल्डिंगांच्या गराड्यात अचानक काळा कातळ, त्यात खांबांचा मंडप आणि आत पिंड. साधारण सहाव्या शतकातलं काम. जोगेश्वरी आणि घारापुरीच्या कुळातलं. डावीकडच्या दालनात नटराज आहे. हात तुटलेत, चेहरा झिजलाय; तरी नाच थांबलेला नाही.

आता मान वर करा. लेण्याच्या डोक्यावर छप्पर नसलेल्या उंच दगडी भिंती उभ्या आहेत. हा फ्रान्सिस्कन साधूंचा मठ आणि कॉलेज. साष्टी पोर्तुगीजांच्या हाती आल्यावर, १५४० च्या दशकात, आंतोनियो दो पोर्तो नावाच्या फ्रान्सिस्कनानं लेण्याचंच चर्च केलं. मूर्ती झाकल्या गेल्या. एका भिंतीवर मोठा क्रूस कोरला गेला. तो आजही दिसतो. देवळाचं उत्पन्न राजा तिसऱ्या जॉनच्या हुकमानं कॉलेजकडे वळलं. तिथे नव्यानं ख्रिस्ती झालेल्यांची मुलं शिकायची. सगळं गोडीगुलाबीनं झालं असं कुणी म्हणणार नाही.

गंमत बघा. वेल्समधल्या एवेनी गावात ११४१ मध्ये बेनेडिक्टाइन साधूंचा असाच छोटा मठ सुरू झाला होता. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीनं १५३६ ते १५४० दरम्यान मठ बंद करून त्यांच्या जमिनी घेतल्या, त्यात तोही गेला. तिकडे एक राजा मठ मोडत होता आणि लगेच इकडे दुसरा मठाला पैसे पुरवत होता. एवेनीच्या चर्चचा पुढचा भाग मात्र गावानं सोडला नाही. आजही तिथे प्रार्थना होते.

आपल्याकडे पुढचा अंक मराठ्यांचा. १७३७ मध्ये साष्टी घेतली, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. मठ ओस पडला, लेण्यात पुन्हा महादेव आला. १७७४ मध्ये साष्टी इंग्रजांकडे गेली. आज लेणं पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे, महाशिवरात्रीला इथे रांग लागते आणि शेजारच्या इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चमध्ये मास होतो. कॉलनीच्या नावातलं ‘आय.सी.’ म्हणजे हेच चर्च!

पायरीवर बसलो असताना माझी ट्यूब पेटली. माझे पणजोबा कोकणातून मुंबईत आले. याचे पूर्वज मात्र पोर्तुगीज येण्याआधीपासून याच साष्टीत शेती करत होते. कुणास ठाऊक, याच पिंडीपुढे नारळही फोडत असतील. मग आजीचं ‘आमची’ चूक कसं? उलट तिचा हक्क माझ्यापेक्षा जुना.

मी त्याला तसं म्हटलं. तो हसला नाही. इतकंच म्हणाला, “हे तुझ्या आईला सांगशील?”

त्या रात्री सांगितलं. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, “आजींना पुरणपोळी चालते ना?” तारीख अजून ठरलेली नाही. पण पुढच्या रविवारी आई मंडपेश्वरला उतरणार आहे.

कसं जाल? मेट्रो २ अ वर मंडपेश्वर स्टेशन, किंवा बोरीवली पश्चिमेहून रिक्षा. सकाळी लवकर गेलात तर ऊन आणि गर्दी दोन्ही टळेल. लेणं बघून झालं की वरच्या भिंती बघायला विसरू नका.